बारा बाटल्यांची घडवंची

बाजारात पाच मिनिटांत मिळणारी वस्तू घरी करायला विल्फ ट्रेगेन्झाला पाच आठवडे लागत, आणि पुढे ती दुरुस्त करायला शेजारच्या हर्टल नोस्केला अर्धा तास. तरीही त्या शनिवारी नोला सहज म्हणून गेली, "दुकानात दुधाच्या बाटल्या ठेवायचा तारेचा स्टँड आलाय, येताना घेऊन ये," आणि विल्फच्या अंगात सुतार संचारला.

स्टँड हवा होता हे खोटं नाही. रोज पहाटे दूधवाला फाटकाच्या आत दोन बाटल्या ठेवून जाई आणि त्याच्यामागून दहाच मिनिटांत हर्टलचा कुत्रा मेजर येऊन त्या बाटल्यांवर पाय वर करून जाई. बाटल्यांना घट्ट बूच असायचं, आत काही जात नसे. पण ही बातमी गल्लीत पसरल्यापासून ट्रेगेन्झांकडे येणारे पाहुणे चहा कोराच मागायला लागले होते.

"विकत आणायचा?" विल्फ म्हणाला. "चार तारा वाकवल्या की झाला! मग मागे शेड कशाला बांधलीय आपण?"

"सहा वर्षं मी तेच विचारतेय," नोला म्हणाली.

ॲडलेडच्या त्या गल्लीत घर बायकोचं आणि मागच्या अंगणातली शेड नवऱ्याची, हा न लिहिलेला कायदा होता. विल्फ विमा कंपनीत कारकून. दिवसभर साहेबाचं ऐकायचं, ट्राममध्ये कंडक्टरचं ऐकायचं, घरी आल्यावर कोणाचं ऐकायचं ते सांगायला नकोच. शेडमध्ये मात्र तो, त्याची हत्यारं आणि खुंटीवरचा रेडिओ. खरं सांगायचं तर सुतारकामापेक्षा त्याला ती शेडच प्रिय होती, आणि ती हातात राहावी म्हणून तो अधूनमधून सुतारकाम करी. (सुतारकाम मात्र त्याच्या हातात कधी राहिलं नाही.)

नोलाला ती शेड शिवणकामाला हवी होती. तिचं मशीन जेवणघरात असल्यामुळे रविवारच्या रोस्टमध्ये टाचण्या सापडत. आज तिने संधी साधली.

"ठीक आहे, कर तू," ती म्हणाली. "पण नीट ऐक. आपलं पुस्तकांचं कपाट विटेवर उभं आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पुठ्ठा आहे. फाटक दोरीने बांधलंय. या खेपेला ना वीट, ना पुठ्ठा, ना दोरी. मी बहिणीकडून, कडीनाहून परत येईपर्यंत तुझा स्टँड आपल्या पायांवर उभा राहिला आणि रोजचं दूध त्यातच आलं, तर शेड तुझी. जन्मात पुन्हा बोलणार नाही. नाहीतर येत्या रविवारी माझं मशीन तिथे."

"आणि हे ठरवणार कोण?"

"मी आहे की!" कुंपणापलीकडून हर्टल म्हणाला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकताना तो नेहमीच गुलाबांना पाणी घालत असे.

नोलाच्या बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून ती आठवडाभर कडीनाला निघाली होती. बसमध्ये चढता चढता तिने बजावलं, "रिकाम्या बाटल्या जितक्या बाहेर ठेवशील तितक्याच भरलेल्या मिळतात. दोन ठेव, दोन घे. बाकी डोकं चालवू नकोस."

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी दुधाच्या बाटल्या बाहेर ठेवायचं काम विल्फने एकदाही केलं नव्हतं. ते नोलाचं खातं. त्यामुळे त्याने मान डोलावली आणि तीनातली दोन वाक्यं ऐकली.

रविवारी त्याने जॅरा लाकडाची एक जुनी फळी काढली. जॅरा म्हणजे असं लाकूड की त्यात खिळा ठोकला तर खिळाच वाकून बाजूला होतो. बाटल्या अडकवायला फळीला चार भोकं पुरली असती. पण मग फळी कापावी लागली असती, आणि सरळ रेषेत कापणं या विषयात विल्फचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. म्हणून फळी होती तेवढीच ठेवून त्याने तिला सहा-सहाच्या दोन ओळींत बारा भोकं पाडली आणि खाली करवतीने कसेबसे कापलेले चार पाय ठोकले. संध्याकाळी दोघांनी मिळून ती उचलून फाटकाजवळ आणली, तेव्हा हर्टल धापा टाकत खाली बसला.

"विल्फ लेका, ही घडवंची आहे की पलंग? घरात माणसं किती तुम्ही?"

"दोन."

"त्यातलं एक बाहेरगावी."

"उद्या पाहुणे आले तर?"

"बारा पाहुणे? तुझ्याकडे?"

विल्फ पायांकडे वाकून पाहायला लागला, कारण घडवंची डुगडुगत होती. फळीला मुळातच पीळ होता. तीन पाय जमिनीवर आणि चौथा हवेत, बोटभर. पण बायकोने सॉस भरायला धुलाईघरात जमवलेल्या दुधाच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या आणून त्याने बाराच्या बारा भोकं भरली, तेव्हा वजनाने फळी जराशी दबली, चौथा पाय टेकला आणि घडवंची खडकासारखी स्थिर झाली. त्याने हलवून पाहिली. हर्टलने हलवून पाहिली. मेजर आला, त्याने वर पाहिलं, पाय उचलला, उंचीचा अंदाज घेतला आणि पाय खाली ठेवून निघून गेला. विल्फला इतका आनंद झाला की तो शीळ घालतच झोपायला गेला.

सोमवारी सकाळी घडवंचीत बारा भरलेल्या बाटल्या होत्या.

चूक कळायला त्याला एक मिनिट लागलं आणि ती दूधवाल्याची आहे असं ठरवायला अर्धं. फ्रिजमध्ये सहा बाटल्या मावल्या. बाकीच्या त्याने बाथटबमध्ये थंड पाण्यात ठेवल्या. संध्याकाळी शहाण्यासारख्या दोनच रिकाम्या बाटल्या घडवंचीत लावल्या. वाऱ्याची एक झुळूक आली, घडवंची डावीकडून उजवीकडे कलंडली आणि दोन्ही बाटल्या गवतावरून घरंगळत थेट मेजरच्या पायाशी गेल्या. त्याने आपलं काम केलं.

"पायाखाली पुठ्ठा घाल," हर्टल म्हणाला.

"तू पंच आहेस की माझा शत्रू?"

"पंच म्हणूनच सांगतोय. पुठ्ठा घातलास की मी नोलाला सांगणार."

म्हणजे घडवंची उभी राहायची तर बाराही बाटल्या लागणार, आणि रिकाम्या बारा ठेवल्या की भरलेल्या बारा येणार. विल्फने वेढ्यात सापडलेल्या सेनापतीसारखा विचार केला. बारा बाटल्या रिकाम्या केल्या (दूध पातेल्यांत, बरण्यांत आणि एका फुलदाणीत), धुतल्या, लावल्या आणि एकीच्या तोंडात चिठ्ठी खोचली: 'कृपया दोनच.' मग लॉनला पाणी घालून झोपला.

ॲडलेडमध्ये नोव्हेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, ज्याने संध्याकाळी लॉनला पाणी घातलं, त्याने कागदावर भरवसा ठेवू नये. गोगलगायी टपालपेटीत शिरून पत्रं खातात, तिथे चिठ्ठीची काय कथा! सकाळी चिठ्ठीचा एक कोपरा उरला होता. त्यावर 'कृपया' एवढाच शब्द होता, आणि दूधवाल्याने कृपा केली होती. बारा.

ऑफिसातून त्याने डेअरीला फोन लावला.

"मला दूध कमी करायचंय."

"मिसेस आहेत का घरी?" पलीकडची बाई म्हणाली.

"नाहीत."

"मग त्या आल्या की त्यांना फोन करायला सांगा हं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.

दूधवाल्याला गाठावं तर तो अशा वेळी येई की जेव्हा फक्त पाववाले आणि तान्ही बाळं जागी असतात. विल्फ यांपैकी कोणीच नव्हता. आणि दूध फेकावं म्हटलं तर हात होईना. त्याची आई खाणीच्या गावात वाढलेली. दुधाचा थेंब सांडला तरी ती घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून विचारी. तेव्हा विल्फने नासलेल्या दुधाचं चीज करायचं ठरवलं. त्यासाठी स्वच्छ फडकी हवीत, एवढं त्याने कुठेतरी वाचलं होतं. नोलाचे उशांचे अभ्रे स्वच्छ होते. ठेवणीतले, कडेला भरतकाम केलेले. सहा अभ्रे नासक्या दुधाने भरून त्याने न्हाणीघरातल्या दांडीला टांगले. त्या दिवशी उन्हाळ्यातली पहिली खरी उष्णतेची लाट आली होती.

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. हर्टलची बायको थोरा हिने लागोपाठ दोन दिवस सकाळी बारा बाटल्या पाहिल्या. नोला घरात नाही हे पाहिलं. विल्फचा उतरलेला चेहरा पाहिला. एवढं दूध एकटा माणूस कशासाठी पितो, हे तिला ठाऊक होतं, कारण तिच्या थोरल्या भावाला डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. पोटात व्रण! मंगळवारी संध्याकाळी ती कस्टर्डचं भांडं घेऊन आली.

"विल्फ, मला सगळं कळलंय. काही बोलू नकोस. हे खा."

विल्फला वाटलं, हर्टलने हिला घडवंचीचं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "थोरा, तू कोणाला सांगू नकोस हं. नोलाला तर मुळीच नाही."

"नाही सांगणार," थोरा म्हणाली, आणि बुधवारी दुपारपर्यंत त्याच्या व्हरांड्यात दोन कस्टर्ड, एक तांदळाची खीर आणि तीन दुधाच्या पुडिंगांच्या बश्या झाकून ठेवलेल्या होत्या. दुधात बुडालेल्या माणसाला गल्ली दूध पाजत होती.

बुधवारी विल्फला शेवटची युक्ती सुचली आणि तिचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. दहा बाटल्यांत नळाचं पाणी भरायचं. वजन झालं, घडवंची उभी. दोनच रिकाम्या. दूधवाला आंधळा थोडाच आहे?

गुरुवारी सकाळी बारा भरलेल्या बाटल्या आणि बुचाखाली दाबलेली दूधवाल्याची चिठ्ठी होती: 'साहेब, बाटल्या भरून परत द्यायच्या नसतात. भरायचं काम आमचं. पाणी ओतून दिलंय. डेस.'

त्या दिवशी विल्फ कामावर गेला नाही. संध्याकाळी तो न्हाणीघरात एक अभ्रा पिळत होता, तोच पुढचं दार धाडकन उघडलं आणि हॅट वाकडी झालेली नोला धावतच आत आली. तिने त्याला ओल्या हातांसकट मिठी मारली. बसमध्ये ती कडीनापासून रडत आली असावी.

"किती दिवस लपवून ठेवलंस रे माझ्यापासून?"

"सोमवारपासूनच फक्त," विल्फ पुटपुटला. "तुला कोणी सांगितलं?"

"थोराचा फोन आला. खूप त्रास होतोय का?"

"होतोय. रोज वाढतोच आहे. आता ठेवायला जागा नाही."

"रक्त?"

"कसलं रक्त? रविवारी करवत लागली तेवढंच."

नोला जरा मागे सरकली. "करवत?... विल्फ, पोटाचं म्हणतेय मी. डॉक्टर काय म्हणाले?"

"घडवंचीला डॉक्टर कशाला?"

मग तिने श्वास घेतला. आतापर्यंत नाक चोंदलं होतं, म्हणून तिला वास आला नव्हता. तिने दांडीवरचे सहा अभ्रे पाहिले, त्यांतून टपटपणारं हिरवट पाणी पाहिलं, टब पाहिला, फुलदाणी पाहिली. विल्फने सगळं सांगून टाकलं. तिला आधी हायसं वाटलं, मग राग आला, आणि मग दोन्ही इतकं एकदम आलं की ती टबाच्या कडेवर बसून हसायलाच लागली. तेवढ्यानेही विल्फला धीर आला.

"आता दाखव ती घडवंची," ती उठत म्हणाली.

फाटकाजवळ हर्टल आधीच गुलाबांना पाणी घालत उभा होता. नोलाने घडवंची हलवली. वाकून चारही पायांखाली पाहिलं. बाराही भरलेल्या बाटल्यांसकट ती ढिम्म हलली नाही.

"हर्टल, खरं सांग."

"खरं तेच सांगतो," हर्टलने डोक्यावरची हॅट काढली. "वीट नाही, पुठ्ठा नाही, दोरी नाही. रोजचं दूध हिच्यातच आलं. पाहिजे त्याहून थोडं जास्तच आलं. पण अट कमी नको अशी होती, जास्त नको अशी नव्हती."

नोला शब्दाची पक्की. ती म्हणाली, "तू जिंकलास विल्फ. शेड तुझी."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने केलेली वस्तू आपल्या पायांवर उभी होती आणि हे नोलाच्या तोंडून निघालं होतं. "नोला, तुझे आभार कसे मानू..."

"मानू नकोस. उशी आणि चादर आत्ताच नेऊन ठेव तिकडे. घरातला वास जाईपर्यंत तू तिथेच झोपायचंस. अभ्रा मागू नकोस, एकही उरला नाही."

वास जायला अकरा दिवस लागले. नोलाने दारं-खिडक्या उघडल्या, पडदे धुतले, न्हाणीघर तीनदा घासलं. आणि एवढी आवराआवर चाललीच आहे, तर झोपायच्या खोलीत विल्फच्या बाजूला अनायासे रिकामी झालेली जागा कशाला वाया घालवायची, म्हणून शिवणाचं मशीन तिथे आणून ठेवलं. उजेडही चांगला येत होता. बाराव्या दिवशी विल्फ उशी घेऊन दारात आला, तेव्हा तिथे कापडाचे गठ्ठे, इस्त्रीचं टेबल आणि थोराचा अर्धा शिवलेला ब्लाउज होता.

"मी कुठे झोपू?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय?" नोला मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तुझी स्वतःची शेड आहे ना आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्टलने कुंपणावरून पाहिलं, तर विल्फ शेडच्या दारात पायजम्यावर उभा राहून दाढी करत होता.

"काय रे, जिंकलास म्हणे?"

"मग!" विल्फ गालावरचा साबण पुसत म्हणाला. "सगळी शेड माझी आहे. आता कोणी काढू शकत नाही मला इथून."