सोनाजीमामांचा चक्रव्यूह

मी टांग्यात आडवी पडले होते, घोडी जुंपलेली होती आणि टांगेवाला मैदानात दगडांच्या रांगांमधून गोल गोल फिरत होता.

सकाळपासून मी अडले होते. आमच्या गल्लीतली सुईण हमीदाखाला. अर्धं शहागंज तिच्या हातावर जन्माला आलेलं, पण माझ्यापुढं तिनं हात टेकले. "मेरे बस का नै. दवाखाने को लेको चलो," म्हणाली. नवरा गिरणीत कामावर. गल्लीत टांगा एकच, सोनाजीमामांचा. आणि मामांची ती प्रार्थनेची वेळ.

माझी सासू मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडली, "सोनाजीभाऊ, सून मरायला लागली माझी. निघा की बाहेर."

मामांनी फिरता फिरता एक बोट वर केलं. थांबा.

मामा मूळचे पाचोडचे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर घोडी घेऊन एकटेच शहरात आले. आल्याबरोबर माणूस छप्पर बघतो, मामांनी दगड गोळा केले आणि घरामागच्या मैदानात चक्रव्यूह मांडला. वाट एकच. वळसे घेत मधोमध न्यायची आणि तीच वाट बाहेर आणायची. रोज दिवस कलला की मामा चपला काढून आत शिरत. आत बोलायचं नाही, थुंकायचं नाही, दगड ओलांडायचा नाही. मधोमध पोचले की हात जोडत. तिथं ना देव होता, ना शेंदूर.

"मामा, कुणाला हात जोडता?" मी विचारलं होतं.

"चालत ऱ्हायचं, पोरी. अर्ध्यातून परतायचं नाय, बस."

शेजारच्या कारकुनानं एकदा त्यांना पकडलं. "मधोमध जाऊन परत येता. म्हणजे रोज अर्ध्यातूनच परतता की."

मामा टांगा जुंपून निघून गेले. संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "बाहेर आल्यावर पुरं व्हतंय. तवर समदं अर्धंच." आणि निघून आले.

हाच कायदा टांग्यालाही. एका वकिलाला स्टेशनच्या वाटेवर आठवलं, की तिकीट घरीच राहिलं. "टांगा फिरवा," म्हणाले. मामांनी त्यांना स्टेशनला नेलं, पायरीशी उतरवलं, पुन्हा बसवलं आणि मग घरी आणलं. गाडी गेली. वकिलांनी वर्षभर शिव्या दिल्या, पण बसायचे मामांच्याच टांग्यात. राणी घोडी हिसके देत नसे.

गल्लीनं मामांना आधी वेड्यात काढलं. बायका त्या दगडांवर पापड वाळवत. बकऱ्या मधोमध जाऊन बसत, त्यांना वाट शोधावी लागत नसे. मग एकदा वेरूळ बघायला आलेली गोरी बाई रस्ता चुकून तिकडं आली. बूट काढून आत फिरली आणि डोळे पुसत बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून पापड बंद. भजनीबुवांना आठवलं, की जागा पहिल्यापासूनच जागृत आहे. कारकून बढतीसाठी नारळ घेऊन आला. जो तो आत चकरा मारू लागला. वाट एका माणसापुरती, त्यामुळं जाणारा आणि येणारा समोरासमोर आले की कुणी मागं सरायचं यावरून भांडण. एकदा तर बुवा आणि कारकून दिवेलागणीपर्यंत तसेच उभे होते. मामा बाजूला बसून राणीला खरारा करत. गर्दी पांगली की एकटे आत जात.

मला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. अजूनही वाटतो. नात सांगते, हल्ली मोठ्या हॉटेलांच्या बागेत असलंच काही करतात, लोक मनःशांतीसाठी फिरतात. फिरोत बापडे. त्यांच्यासाठी कुणी टांग्यात अडून पडलेलं नसतं.

तर त्या दिवशी सासूनं मामांच्या सात पिढ्या काढल्या. मामा फिरतच होते. शेवटी खाला कडेपर्यंत गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "सोनाजी, बच्चा आधे में अटक गया."

मामा जागच्या जागी थांबले. मग पाय उचलून त्यांनी दगड ओलांडला. एक रांग, मग दुसरी. नंतर तर दगड उडवतच आले. चपला तिथंच राहिल्या. अनवाणी टांग्यावर चढले आणि लगाम हातात घेतला.

शहागंजात बाजार उठत होता. बैलगाड्या एकमेकींत अडकलेल्या. पोलीस म्हणाला, "पुढं रस्ता नाही. माघारी फिरवा."

"फिरा लेव, सोनाजी," खालाही म्हणाली. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं.

मामा उतरले, राणीचं तोंड धरलं आणि गाड्यांमधून तिला ओढत निघाले. भाजीच्या टोपल्या कलंडल्या. शिव्या पडत होत्या. मामा मागं न बघता बोलत होते. मला वाटलं, घोडीशीच.

"माझी कारभारीण बी अशीच गाडीत व्हती. पाचोडवरनं दवाखान्याला निघालो. वाटंत लोक पळत येत व्हते, म्हणले पुढं जाळपोळ चाललीय. मी बैल फिरवले. घरी म्हाताऱ्यांनी थाळीत कुंकवाचा चक्रव्यूह काढला, धुऊन पाणी पाजलं तिला. आमच्यात पाजतात अडलेलीला, जिवाला वाट घावावी म्हणून. नाय घावली. दोघं बी आतच ऱ्हायले."

टांगा मोकळ्या रस्त्याला लागला. मामा वर चढले.

"पुढं काय बी नव्हतं, खाला. नुसती आवई व्हती. म्हणून रोज जातो आत. बाहेर आणतो त्यांना."

"और आज?"

"आज थांबतील ती."

 दवाखाना येईपर्यंत राणीनं एकही हिसका दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी पोर ओढून काढलं. मामा बाहेर पायरीवर बसले होते. रडणं ऐकू आल्यावर खालाला म्हणाले, "येऊ आता?" आणि टांगा घेऊन गेले. सासू सांगायची, की त्या दिवशी अंधार पडल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून आत शिरले आणि वाट पुरी करूनच भाकरीला बसले.

मामा गेले, खाला गेली, राणी तर कधीच गेली. मैदानावर आता दुकानं आहेत. मी वाचले. मुलगीही वाचली.