खाडीचा गाळ आणि बाबालाल मणेर

बाबालाल मणेर माती चाखायचा. खोटं सांगत नाही. चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आतली." नाहीतर, "भाईरली." मग चूळ भरायचा आणि माझा हात धरून बांगड्या चढवायला लागायचा. मी नवी नवरी. मला वाटायचं, कोल्हापुरात बांगड्या भरायची हीच रीत असेल!

महाराजांच्या राज्यातली गोष्ट. कोकणचं मीठ तेव्हा बैलगाडीनं घाट चढून यायचं आणि आमच्या दारात उतरायचं, कारण सासऱ्यांचं मिठाचं दुकान. मणेराचं मूळ गाव तिकडं खाली, खाडीकाठी. गाडीबरोबर त्याचा मेव्हणा दोन मडकी धाडायचा. एकात खाडीतला गाळ, दुसऱ्यात खाडीच्या तोंडाबाहेरची, उघड्या समुद्राची वाळू. एका गाडीवानानं ओझं नको म्हणून गाळाचं मडकं घाटात ओतलं आणि गावात शिरताना नदीवर भरून घेतलं. मणेरानं बोट जिभेला लावलं मात्र, "पावणं, ही पंचगंगंची हाय. म्हशी धुत्यात तिथली. कुणाची म्हैस ते बी सांगू व्हय?"

फुटलेल्या बांगड्या तो घरोघरी मागून न्यायचा, पण फक्त निळ्या. खलबत्त्यात कुटून चुरा करायचा आणि मेव्हण्याकडं पाठवायचा. मेव्हण्यानं तो गावच्या ढासळलेल्या दरडीखाली, ओहोटी लागली की सोडायचा. मग मणेर वर्षभर मडक्यांत निळा कण हुडकत बसणार. "गाळात निळं काय बी नसतंय, सूनबाई. म्हून निळं."

आमच्या अंगणात आमचीच परात घेऊन तो सगळ्यांना शिकवायचा. पाणी घालायचं, तळाला राख टाकायची, परात कलती करायची. "ही वहोटी. माती निघाली समुद्रात. ही भरती. माती आली आत. पर गेलेली तीच आली, का दुसरीच? बोला!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "मणेर, माझी परात तेवढी आत येऊ द्या."

एकदा मी विचारलं, "चाचा, माती कुठं का जाईना, तुमचं काय अडलंय?"

बांगडी चढवता चढवता तो म्हणाला, "अडलंय की. त्या दरडीत माझी बायकू हुती, अमिना. एका पावसात कबर खाडीत गेली. आत ऱ्हायली आसंल तर काठावर बसून फातिहा म्हणीन. पर समुद्रात गेली आसंल, तर येवढ्या मोठ्या पाण्याकडं तोंड तरी कुठं करू?" आणि लगेच, "हात ढिला सोड, पोरी. बांगडी फुटंल."

त्या चैत्रात तो जोतिबाच्या यात्रेत बांगड्या विकायला गेला आणि मागं गाडी आली. सोप्यात ठेवलेला काळा, लोण्यासारखा गाळ आत्याबाईंनी बघितला. आयती मळलेली माती! शेण कालवलं आणि त्यांनी चूल झकास सारवून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरून हात फिरवताना ओरडल्या, "आगं बया! चुलीत काच! ए भवाने, बांगडी फोडलीस व्हय?"

माझ्या सगळ्या बांगड्या शाबूत, आणि हिरव्या. वाकून बघितलं. काच निळी. एक न्हवं, तीन कण. दुसरं मडकं सोप्यात तसंच भरलेलं होतं. वाळूनं चूल कोण सारवतंय? म्हणजे हा आतलाच गाळ!

मणेर आदल्या सांजेलाच यात्रेहून परतला होता. मी तशीच त्याच्या घरी पळाले.

तो धावत आला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकला. बांगड्या भरायला सोप्यापर्यंत यायचा, त्याच्या पुढं कधी आला नव्हता. आत्याबाईंच्या तळव्याला चिंधी बांधलेली. शिव्या तयारच असणार, असं मला वाटलं.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "आत या. पायताण तेवढं काढा."

तो चुलीपुढं उकिडवा बसला. कणांवरून बोट फिरवलं. मग गुडघे टेकले, दोन्ही तळवे वर धरले आणि ओठ हलवायला लागला. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि मला खुणेनं खाली बसवलं.

दुपारी सासरे भुकेनं कावून घरात शिरले. "चूल का थंड?"

आत्याबाईंनी त्यांच्यापुढं चुरमुरे आणि कांदा ठेवला. "मणेराची अमिना आलीया घरात. तिच्या अंगावर जाळ करू व्हय? गप खावा."

सासऱ्यांनी गप खाल्ले.