अजाण नागरिकांचा तुटवडा

अज्ञान ही समाजाची नैसर्गिक संपत्ती आहे. जंगल, पाणी आणि मासे यांच्याप्रमाणे तीही जपून वापरली नाही, तर संपते. आमच्या बंदरात ती या वर्षी संपली. (मासे त्याआधीच संपत आले होते, पण त्यासाठी कोणी सभा घेतली नव्हती.)

बंदराच्या वर टेकडीवर विज्ञानाची एक मोठी संस्था आहे. तिच्या खिडक्यांतून समुद्र इतका छान दिसतो की खाली उतरून तो पाहण्याची कुणाला गरज पडत नाही. मागच्या वर्षी संस्थेच्या असे ध्यानात आले की हवामान बिघडते आहे, समुद्र तापतो आहे, आणि ही गोष्ट खालच्या लोकांना, म्हणजे जे रोज त्याच समुद्रात जातात त्यांना, कुणी सांगितलेलीच नाही. मग अभियान सुरू झाले. काम विद्यार्थ्यांवर सोपवले गेले, कारण विद्यार्थ्यांच्या अंगात उत्साह असतो आणि त्यांना नाही म्हणण्याची सोय नसते.

अभियानाची पद्धत शास्त्रीय होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याने पन्नास अजाण नागरिक जागृत करायचे. नागरिकाला आधी दहा प्रश्नांचा कागद द्यायचा. त्यातली निदान सहा उत्तरे चुकली, तर तो अजाण. मग त्याला बारा मिनिटांचे व्याख्यान द्यायचे. मग तेच दहा प्रश्न पुन्हा विचारायचे. आता आठ बरोबर आली, की तो जागृत. दोन्ही कागदांवर त्याची सही घेऊन ते टाचून संस्थेत जमा करायचे. पुढे त्या नागरिकाने काय करायचे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. आपण म्हणतो ना, कळतं पण वळत नाही. तर कळण्यासाठी संस्थेने दोन कागद ठेवले आणि वळण्यासाठी पाठकोरी बाजू.

विद्यार्थी बारा होते. जो पन्नास पुरे करील, त्याला संस्थेच्या संशोधन जहाजावर दोन महिन्यांसाठी जागा मिळणार होती. एकोणपन्नास झाले तर घरी बसायचे.

माझी नात या बारांतली एक. तिला त्या जहाजावर जायचे होते, आणि तिचे कारण इतर अकरांपेक्षा वेगळे होते. त्या जहाजावर खोल पाण्यात सोडायची यंत्रे आहेत. तिच्याजवळ एक दोरी होती आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर. मी धक्क्यावर जाळी सांधायला बसतो, तिथेच ती रोज सकाळी सात वाजता यायची, दोरी पाण्यात सोडायची, पाच मिनिटे थांबायची आणि आकडा वहीत लिहायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. (एकदा तिला ताप होता, तेव्हा आकडा मी पाहिला. वहीत त्या तारखेपुढे 'आजोबांनी पाहिले, चष्मा नव्हता' असे लिहिलेले आहे.)

ती वही तिने अभियानाच्या समन्वयक बाईंना दाखवली. बाईंनी पाने उलटली.

"अक्षर सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "पण यात जागृत कोण झालं?"

"मी झाले, बाई."

"तुझा कागद तुलाच कसा जोडता येईल?"

वही परत आली. असो.

पहिला महिना सुगीचा गेला. अजाण नागरिक धक्क्यावर, लिलावाच्या शेडमध्ये, चहाच्या टपरीवर, पाहावे तिथे सापडत होते. एका विद्यार्थ्याला फोमच्या कासवाचा पोशाख घालून बर्फाच्या कारखान्यासमोर उभे केले होते. समुद्र तापला तर कासवांचे काय होते, हे तो सांगत होता. साडेबाराच्या उन्हात तो सांगता सांगता आडवा झाला. कारखान्यातल्या दोघांनी त्याला पोशाखासकट उचलून बर्फाच्या लादीवर निजवले. अहवालात याची नोंद 'प्रात्यक्षिक यशस्वी' अशी झाली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

अडचण आली ती मासेवाल्या मावशीपाशी. मावशी चाळीस वर्षे टोपली घेऊन बसते. नातीने तिला कागद वाचून दाखवला. समुद्राचे पाणी तापते आहे का? मावशी म्हणाली, तापतं आहे, आमच्या मालकांनी जाळं अजून लांब न्यायला सुरुवात केली तेव्हापासून. माशांच्या जागा बदलल्या आहेत का? मावशीने कोणता मासा कुठून कुठे गेला, कोणत्या वर्षी गेला आणि जाताना कुणाला सोबत घेऊन गेला, हे अर्धा तास सांगितले. दहापैकी दहा बरोबर आली.

"मावशी, मग तुम्ही बाद," नात म्हणाली.

"बाद म्हणजे?"

"तुम्हाला आधीच माहीत आहे. अजाण माणूस लागतो."

"अगं, मग आधी सांगायचं ना बये. आयुष्यभर सगळ्यांनी मला अडाणीच धरलं, आणि जेव्हा कामाला आलं असतं तेव्हा तू हुशार ठरवलंस."

अशा रीतीने ज्यांना खरोखर माहीत होते, ते सर्व लोक अभियानाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले. बोटीवर जाणारे जवळजवळ सगळे त्यात गेले. उरले ते पहिल्या महिन्यात वापरून झाले. दुसऱ्या महिन्यात अजाण नागरिक मिळणे कठीण झाले. सकाळच्या बसमधून कुणी परका उतरला, की चार विद्यार्थी त्याची पिशवी धरत. एक झाडू विकणारा असाच सापडला, पण तो आधीच्या गावात जागृत होऊन आला होता, आणि तसा कागद त्याच्या खिशात होता.

गरज ही शोधाची जननी. अकरा विद्यार्थ्यांनी मार्ग काढला. जे नागरिक एकदा जागृत झाले होते, त्यांना पुन्हा अजाण व्हायला शिकवले. यासाठी संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात सराव घेतला जाई. न्हावी स्वतः सात वेळा जागृत झाला होता आणि या कामात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. तो नेमकी सहा उत्तरे चुकवायचा.

"सातवं चुकवणं म्हणजे हाव," तो नव्या लोकांना सांगे. "मग त्या पोरांनाही शंका येते. आणि एक लक्षात ठेवा, व्याख्यान चालू असताना मान हलवायची. सुरुवातीला कमी, शेवटी जास्त."

मुदत संपत आली तेव्हाची आकडेवारी संस्थेने फलकावर लावली. बंदरातली प्रौढ माणसे चारशे बारा. जागृत झालेली पाचशे नव्याण्णव. जागृतीचे प्रमाण एकशे पंचेचाळीस टक्के. एवढी जागृती इतक्या लहान जागेत याआधी कधी झाल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. त्याच दिवशी नातीच्या वहीप्रमाणे धक्क्याखालचे पाणी मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा आठ दशांश अंशाने जास्त गरम होते. तिने हे संचालकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, अभियानाचा परिणाम समुद्रापर्यंत पोचायला थोडा वेळ लागणारच.

सहाशेला जो एक कमी होता, तो तिचा. अकरा जणांचे पन्नास झाले होते. तिचे एकोणपन्नास, आणि सगळे अस्सल. न्हाव्याच्या दुकानात ती गेली नाही. त्याऐवजी तिने टेकडी चढून संस्थेतच शोध घेतला, आणि तिथे तिला एकवीस नागरिक मिळाले. हिशेबनीस, दोन ग्रंथपाल, संचालकांचा ड्रायव्हर, आणि ज्याने ते दहा प्रश्न टंकले होते तो लिपिक. त्याचे आठ चुकले.

मी तिला म्हटले, "अगं, मग माझं नाव घाल. मी काय तुझ्या नियमात बसत नाही?"

"आजोबा, दोन वर्षं तुम्ही दोरी धरता आहात. तुम्हाला दहाच्या दहा येतील."

"मी चुकवतो की सहा. न्हाव्याकडे एक संध्याकाळ बसतो."

"तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत, तर उद्या वहीत मी काय लिहू?" एवढे बोलून ती दोरी गुंडाळत बसली. तिच्या आईने मला डोळ्यांनीच गप्प केले. आमच्या घरात खरे बोलण्याची सवय कुणी लावली, याचा मी त्या रात्री जेवताना बराच विचार केला, आणि संशय माझ्यावरच आला.

शेवटचा मार्ग म्हणून ती संचालकांकडे गेली. त्यांनी आनंदाने कागद भरला. सात चुकले. समुद्राच्या आम्लतेबद्दलचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पोटाबद्दल समजून सोडवला होता. असा पक्का अजाण नागरिक हाती आल्यावर नातीचा जीव भांड्यात पडला. तिने बारा मिनिटे व्याख्यान दिले. संचालकांनी त्यात तीन फोन घेतले, तिन्ही जागृतीसंबंधीच. मग दुसरा कागद भरला. पाच बरोबर.

आठ लागतात. संचालक अजाण होते, पण जागृत होत नव्हते. अशा नागरिकासाठी नियमात तरतूद नव्हती.

समन्वयक बाईंनी कागद हातात घेऊन दार लावले.

"तीन उत्तरांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "पेन तुझ्याजवळ आहे. साहेबांची हरकत नाही, मी विचारलं."

"नको, बाई."

"अगं, जहाज गुरुवारी सुटतं. तीन खुणांसाठी दोन महिने घालवतेस?"

"तीन खुणा इथं केल्या, तर जहाजावर गेल्यावर पाणीही मीच गरम करीन, बाई. हवं तेवढं."

बाई वाईट नाहीत. त्यांनाही वर अहवाल द्यायचा असतो, आणि सहाशे हा आकडा दिसायला चांगला असतो. शेवटी त्यांनी कपाटातून नियमांचे पुस्तक काढून तिच्या हातात दिले. "वाच. त्यात काही निघालं तर बघ. मी तरी ते कधी वाचलेलं नाही."

ते पुस्तक ती घरी घेऊन आली. मी आणि नातीने ते दोन दिवस, ओळीवर बोट ठेवून, वाचले. एकोणिसाव्या पानावर निघाले. 'नागरिकास लेखी साहित्याद्वारेही जागृत करता येईल. अशा वेळी तो अजाण की जागृत, हे प्रश्नांऐवजी विद्यार्थ्याने ठरवावे; व्याख्यानाची व सहीची आवश्यकता नाही. नागरिकाने ते साहित्य शेवटपर्यंत वाचलेले असावे. नागरिक कोठे राहतो, याचे बंधन नाही.' हा नियम बहुधा कुणीतरी आपली पत्रके खपवण्यासाठी घातला असावा. देव त्याचे भले करो.

म्हणून मी हे लिहिले. तुम्ही पन्नासावे.

तुमची पूर्वपरीक्षा मघाशीच झाली. वेगळा कागद देऊन तुम्हाला त्रास दिला नाही. इथवर येताना तुमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की पोरीला जहाजावर जागा मिळते की नाही. आठ दशांश अंश तुमच्या डोळ्यांखालून गेले. ते का वाढले, पुढच्या वर्षी किती वाढतील, ते वाढल्यावर धक्क्यावर कोण बसेल आणि काय विकेल, हे विचारायला तुम्ही कुठे थांबला नाहीत. मी नातीला विचारले, एवढ्यावर माणसाला अजाण धरता येईल का? तिने बराच विचार केला. ती म्हणाली, येईल, आजोबा, यात खोटं काही नाही.

आणि आता तुम्हाला हे कळले आहे, म्हणजे तुम्ही जागृतही झालात. दोन्ही कागदांवर तिने तसे लिहून ते टाचून ठेवले आहेत. सहीची जागा कोरी आहे, ती नियमात बसते.

तुम्ही आता काही करण्याची गरज नाही. काही करणारा माणूस हवा असता, तर आम्ही दुसरीकडे शोधला असता.