बुटाच्या खोक्यातला खर्ज

किट घरी आलं त्या संध्याकाळी कवळीकाराने जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली, पार्सल मधोमध ठेवलं आणि आतलं पत्रक बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. तो दातांच्या तीन डॉक्टरांना कवळ्या बनवून देत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे घेऊन बसल्यावर स्वतःचं तोंड चालवायला त्याला वाव मिळत नसे, आणि ती कसर तो संध्याकाळी घरी भरून काढत असे.

"ऐक. 'स्पीकर स्वतः जोडा, फक्त दोन तासांत. गायक तुमच्या खोलीत समोर उभा राहील. आकार बुटाच्या खोक्याएवढा, खर्ज सभागृहाएवढा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आजवर कधीही न ऐकलेलं ऐकू येईल. घरातील सर्वांना आवडेल.' काय?"

"शेवटचं खोटं आहे," बायको म्हणाली. "बाकीचं बघू."

बायको शाळेत शिकवत होती. तिने लाल पेन काढलं, पाचही दाव्यांना क्रमांक दिले आणि पत्रक फ्रिजच्या दारावर लावून टाकलं. पाचातले तीन खरे निघाले तर स्पीकर हॉलमधल्या फळीवर, तिच्या कुंड्या हटवून, कायमचे राहतील. नाही निघाले तर माळ्यावर. माळ्यावर आधीच एक दुर्बीण, पाव भाजायचं यंत्र आणि अर्धवट विणलेली वेताची खुर्ची नांदत होती. कवळीकाराच्या हौसा तिथे चढत, उतरत कधीच नसत. या वेळी मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं. या घरात निदान एक हौस तरी जमिनीवर राहील, आणि तीही बायकोच्या संमतीने.

त्यासाठी त्याच्याकडे हुकमी एक्का होता. बावीस वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी मंडळी जमली होती, तिथे बायको गायली होती आणि कोणीतरी ते कॅसेटवर घेतलं होतं. घरी पाहुणा आला, की कवळीकार ती हकीकत सांगायचाच. "मी रेकॉर्डरच्या शेजारच्या खुर्चीत होतो. हिने सूर लावला आणि माझे डोळे आपोआप मिटले. जगाचं भान राहिलं नाही. गाणं संपलं तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं, फक्त हिला कळवायचं बाकी होतं!" पाहुणे वा वा म्हणायचे आणि बायको चहाचे कप गोळा करायला लागायची. जुन्या टेपरेकॉर्डरवर ते गाणं डब्यात कोंडल्यासारखं वाजायचं. ते एकदा या स्पीकरवर वाजलं, की बायको स्वतःच्या हाताने कुंड्या उचलेल याची त्याला खात्री होती.

पहिला दावा पहिल्याच संध्याकाळी निकालात निघाला. दोन तास तर स्क्रू वेगळे करण्यातच गेले. फळ्यांच्या सांध्यांतून हवा जाता कामा नये असं पत्रकात बजावलं होतं, म्हणून कवळीकाराने आपलं खास डोकं चालवलं आणि कवळ्यांसाठीचं गुलाबी मेण वितळवून सगळे सांधे आतून लिंपून काढले. काम अप्रतिम झालं. खोक्यांना आतून हिरड्या आल्यासारखं दिसत होतं. पण महिन्याचं मेण एका रात्रीत संपलं आणि नवं यायला चार दिवस लागले.

"अहो, माझे एक म्हातारे पेशंट तीन दिवस नुसत्या दुधावर आहेत," एका डॉक्टरांचा फोन आला. "कवळी कुठाय?"

"होतेय, डॉक्टर. जरा हवाबंद करण्याचं काम चाललंय."

"कवळी हवाबंद?"

कवळीकाराने घाईघाईने फोन ठेवला. एकोणिसाव्या दिवशी स्पीकर उभे राहिले. बायकोने क्रमांक एकवर फुली मारली.

दुसऱ्या दाव्याची परीक्षा रेडिओवरच्या बातम्यांवर झाली. बटण दाबलं आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज समोरून सोडून बाकी सगळीकडून यायला लागला.

"समोर उभ्या राहणार होत्या ना?" बायकोने कान टवकारले. "या तर स्वयंपाकघरात आहेत."

एका स्पीकरची वायर उलटी लागली होती. ती सुलटी केल्यावर बाई स्वयंपाकघरातून निघाल्या आणि खरोखरच दोन खोक्यांच्या बरोबर मधे येऊन उभ्या राहिल्या, इतक्या स्पष्ट, की बायकोने नकळत मधला स्टूल बाजूला सरकवला. कवळीकाराला मूठभर मांस चढलं. पण पत्रकाप्रमाणे ऐकणाराही नेमक्या जागीच बसायला हवा होता, आणि ती जागा खोलीच्या मधोमध निघाली. सोफा तिथे आणला, तेव्हा त्याचं एक टोक बेडरूमच्या दारात आलं. तेव्हापासून झोपायला जाताना सोफ्याच्या हातावरून पाय टाकून जावं लागत होतं. बायकोने क्रमांक दोनला बरोबरची खूण केली आणि लगेच क्रमांक पाचवर फुली मारली.

आता उरलेले दोन्ही दावे खरे ठरले तरच स्पीकर वाचणार होते. अंतिम परीक्षा रविवारी सकाळी ठरली, आणि परीक्षक म्हणून बायकोने आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. मेहुण्याचं घरगुती वस्तूंचं दुकान होतं. त्यात गुडघ्याएवढे, कमरेएवढे आणि छातीएवढे स्पीकर होते, आणि आवाज उंचीवर मोजायचा असतो असं त्याचं ठाम मत होतं.

"हे?" सोफ्याला वळसा घालत तो म्हणाला. "भाऊजी, यातून खर्ज? यातून चपला निघतील फार तर."

"आधी ऐक, मग बोल."

"अहो, मी रोज विकतो हो. खर्जाला मोठं खोकंच लागतं. जाहिरातवाल्यांनी तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय."

कवळीकाराने कॅसेट घातली, दोघांना सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि स्वतः मागे हात बांधून उभा राहिला.

आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी खाकरलं. मग गाणं सुरू झालं. एकवीस वर्षांची मुलगी, किंचित घाबरलेली, समोर भिंतीपाशी उभी राहून गात होती. बायकोने पदराशी चाळा सुरू केला. मेहुणाही क्षणभर आपलं दुकान विसरला.

"ताई, काय गायचीस गं तू," तो म्हणाला. मग सावरून म्हणाला, "पण खर्ज नाहीये."

"थांब!" कवळीकाराने बोट वर केलं. "आता ऐक. खाली. गाण्याच्या खाली."

गाण्याच्या खाली खरोखरच काहीतरी होतं. जुन्या टेपरेकॉर्डरवर कधीच ऐकू न आलेला, खोल, गोल, घुमणारा स्वर. तो सावकाश भरून यायचा, थांबायचा, पुन्हा भरून यायचा. सोफ्याखालच्या लाद्यांपर्यंत त्याची थरथर पोचत होती.

"तानपुरा!" कवळीकार जवळजवळ ओरडलाच. "तानपुरा आहे हा! बावीस वर्षं आपल्याला ऐकू आला नाही. खर्ज म्हणजे खर्ज, आणि न ऐकलेलं ते न ऐकलेलं. दोन्ही दावे एकदम! कर खुणा!"

"तानपुरा नव्हता त्या दिवशी," बायको म्हणाली.

"असेल गं. तुझ्या लक्षात नसेल."

"मी गात होते. माझ्या लक्षात नसेल?"

"मग पंखा असेल," मेहुणा पुढे वाकून ऐकत म्हणाला. "नाही, पंखा मधेच थांबत नाही." तो आणखी वाकला. "आणि शेवटी शिट्टीही मारत नाही."

खर्ज पुन्हा भरून आला, वर चढला, अडकला आणि एक बारीक शिट्टी वाजवून उतरला. बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नापासून ती रोज त्या शिट्टीच्या डाव्या बाजूला झोपत होती.

कवळीकाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"बिघाड आहे," तो म्हणाला. "खोकं घुमतंय. मेण सुटलं असणार."

"काय सुरेख सांधलंय, घुमेल कसं?" मेहुणा आता पुरता रंगात आला होता. "भाऊजी, मी चुकलो. एवढंसं खोकं, आणि टाळू थरथरलेली कळतेय हो! छातीएवढ्या स्पीकरलाही हे जमणार नाही."

"अरे, ही किटं म्हणजे निव्वळ फसवणूक असते! जाहिरातीत वाट्टेल ते छापतात. नसलेले आवाज काढतात आणि खर्ज म्हणून गळ्यात मारतात."

"मघाशी तर तानपुरा म्हणत होतात."

"तू रोज स्पीकर विकतोस ना? मग सांग हिला, की एवढ्याशा खोक्यातून खर्ज निघूच शकत नाही!"

"निघतोय ना पण. गायक समोर उभा राहील म्हणाले होते, इथे श्रोतासुद्धा झोपलेला दिसतोय."

कवळीकार बटणाकडे झेपावला, पण सोफा आडवा होता. तेवढ्यात गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. खर्जावर त्याचा कसलाही परिणाम झाला नाही. मग पावलं जवळ आली, पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि अगदी कानाशी ती मघाची मुलगी बोलली:

"अगं, हा कोण? झोपलाय की काय?"

"उठवू का?" दुसरी बाई हसत म्हणाली.

"नको नको. एवढ्या टाळ्यांतही जाग आली नाही. दमला असेल बिचारा."

मेहुण्याने स्वतःच पुढे होऊन टेप बंद केला. विनोद आता आपल्यापुरता उरलेला नाही हे त्यालाही कळलं. "निघतो मी. दुकान उघडायचंय," तो म्हणाला. रविवारी त्याचं दुकान बंद असे. दारातून त्याने किटवाल्यांचा पत्ता तेवढा विचारून घेतला.

कवळीकार सोफ्याच्या हातावर टेकला. पाहुण्यांपुढे एवढी वर्षं मिटलेल्या डोळ्यांबद्दल केलेली सगळी भाषणं त्याला एकदम आठवली आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी पाणी प्यायला तिथंच आले होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्हीच कधीतरी सांगाल. मग तुम्ही ते इतकं रंगवून सांगायला लागलात, की मलाच ऐकावंसं वाटायला लागलं." ती थोडी हसली. "तुमच्या गोष्टीत माझं गाणं दर वर्षी सुधारत होतं."

कवळीकार उठला, आतून शिडी घेऊन आला आणि माळ्याखाली उभी केली.

"हे काय?"

"स्पीकर वर टाकतो."

"ती शिडी जागेवर ठेवा. तीन दावे खरे निघालेत. ठरलं म्हणजे ठरलं."

"अगं, पण नको. कुंड्याच बऱ्या दिसतात तिथे."

बायकोने ऐकून घेतलं नाही. तिने एकेक कुंडी उचलून खिडकीत नेली, पदराने फळी पुसली आणि टेपरेकॉर्डरपाशी जाऊन कॅसेट मागे गुंडाळायला लावली. मग ती सोफ्याच्या मधोमध, पत्रकात सांगितलेल्या नेमक्या जागी बसली आणि थोडं सरकून तिने शेजारी जागा केली.

"बसा इथं. तुमचं ते गाणं ऐकायचं राहिलंय."

"लावशील गं," कवळीकार चाचरत म्हणाला, "पण मधेमधे ते घोरणं..."

"असू दे," ती म्हणाली. "त्याची मला सवय आहे."