अर्थिंगच्या खड्ड्याला तांब्याभर पाणी

विजेच्या स्कूटरच्या घरच्या चार्जरला मेकॅनिक लागतो असं जे म्हणतात, त्यांना चार्जर सांभाळता येत नाही. हे माझं वाक्य. स्टाफरूममध्ये, भाजीबाजारात, नवऱ्याच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांसमोर, सगळीकडे माझं ते म्हणून झालं होतं. देवणीच्या शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवते मी. विजेला मी घाबरत नाही, वीजच माझ्याकडं जरा बेतानं येते.

दर रविवारी मेन बंद करून प्लग कोरड्या फडक्यानं पुसायचा. वायरचं वेटोळं करून खुंटीला टांगायचं. भिंतीवरच्या डब्यामागं पालीनं अंडी घातलीत का बघायचं. एक तारखेला ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबून खटका पडतो का पाहायचं. खटका पडला की घरातला पंखा थांबायचा आणि अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वतम्मा, आतून विचारायच्या, "सिंधू, झाली का तुझ्या डब्याची आंघोळ?"

बोलू देत. स्कूटर माझ्या पगारातून घेतली होती, आणि तीही पन्नाशीला. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता उंबरठ्याबाहेर पडत होते. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळी साडेसातची, आणि उदगीरहून निघणारी पहिली एसटी देवणीला आठला पोचवते, तेही तिच्या मनात असलं तर. स्कूटर आल्यापासून हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढं लाल रेघ नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या गाडीत माझा जीव होता.

आता दुष्काळाचं ऐका. पावसाळा नुसता तोंड दाखवून गेला आणि फाल्गुनात आमच्या नळाला बारा दिवसांनी पाणी येऊ लागलं. अव्वांनी टाकीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. अंगणाला इतक्या भेगा पडल्या की रांगोळी काढली तरी ती खाली उतरायची. आणि अशातच एका सोमवारी माझ्या चार्जरवर हिरव्याच्या जागी लाल दिवा लुकलुकायला लागला.

मी प्लग पुसला, पाल हाकलली, खटका पाडून वर केला. दिवा लालच. नाइलाजानं लातूरला कंपनीच्या सिद्धरामला फोन लावला. हा माणूस वर्षापूर्वी डबा बसवून गेला होता.

"मॅडम, जमीन वाळलीय," तो म्हणाला. "अर्थिंगच्या खड्ड्यात ओल न्हाई. करंट गळला तर जमिनीत जायला वाट पाहिजे. वाट न्हाई म्हणून डबा चार्जिंग करू देईना. तो तुमचा जीव वाचवून राहिलाय."

"मग उपाय?"

"खड्ड्यात मीठ टाका आन् रोज बादलीभर पाणी ओता."

"बादलीभर? रोज? अहो सिद्धराम, आम्ही चूळ भरायला पेल्यानं पाणी मोजतोय. तुम्ही स्वतः येऊन बघा की."

"पंधरा दिवस लागतेत मॅडम. उदगीरला आमचं सेंटर झालं की मंग लगेच येत जाईन."

"ते कधी होणार?"

"उदगीर जिल्हा झाला की."

उदगीर जिल्हा होणार हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकतेय. माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, जिल्हा अजून चहाच्या टपरीवरच आहे. मी फोन ठेवला.

गल्लीतला वायरमन पंढरी मदतीला आला. "बाई, त्यात काय हाय? एक तार इकडची तिकडं करतो, डब्याला वाटंल अर्थिंग झकास हाय." त्याला मी असं काही झापलं की बिचारा पक्कड विसरून गेला. जीव वाचवणाऱ्या यंत्राला फसवायचं, आणि ते विज्ञानाच्या बाईच्या घरात?

राहिला प्रश्न पाण्याचा. मला वाटलं होतं, वापरलेलं पाणी तर मिळेल. पण आमच्या घरात वापरलेल्या पाण्यालाही मालक होते. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीचं. भाजी धुतलेलं जास्वंदीचं. आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला. एक थेंब तीन-तीन नोकऱ्या करत होता. शेवटी तिसऱ्या दिवशी पहाटे मी रांजणातलं तळाचं पाणी कळशीत घेतलं, दुकानातून आणलेला मिठाचा पुडा घेतला आणि अंगणातल्या खड्ड्याचं सिमेंटचं झाकण सरकवलं. पाणी ओतलं. जमीन ते असं घटकन प्याली की मला तिचीच दया आली.

मागं वळले तर ईश्वरप्पा. माझे यजमान. तोंडात मंजन आणि डोळे कपाळात.

"सिंधू, काय करून राहिलीस?"

"अर्थिंगची देखभाल."

"प्यायचं पाणी मातीत ओतून?" त्यांनी मंजन थुंकलं. "अगं, लोक टँकरमागं घागरी घेऊन पळून राहिलेत! कुणी बघितलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा न्हाई राहणार. इज्जतीचा सवाल हाय. ते काही न्हाई. पाडव्याला हा दिवा हिरवा दिसला तर ठीक, न्हाई तर गाडी गुरुबसप्पाला देऊन टाकायची. त्याच्याकडं शेतात बोअर हाय, ओल हाय."

गुरुबसप्पा म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. गाडी आली त्या दिवसापासून तो सीटवरून हात फिरवून जायचा. पाडवा सोळा दिवसांवर होता. गाडीतलं उरलंसुरलं चार्जिंग संपलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले, सव्वाआठला पोचले, आणि हेडमास्तरांनी लाल पेन उचललं. परतीची गाडी घाटात नाही की काही नाही, सरळ रस्त्यावर बंद पडली. घरी आले तेव्हा तीन वाजले होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही वाया जाऊ नये म्हणून मी ते आवरलं.

आणि तिथंच, पायरीवर बसल्या बसल्या, मला युक्ती सुचली.

अव्वा रोज सूर्य उगवायच्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याची पूजा करतात. दुष्काळ असो की महापूर, पूजेचं तांब्याभर पाणी त्यांनी कधी कमी केलं नाही. आणि ते पाणी कुणाच्या पायाखाली जाता कामा नये. मोरीत तर नाहीच नाही. ते पूर्वी अंगणातल्या बेलाच्या मुळाशी जायचं. बेल माघातच वाळून गेला, तेव्हापासून अव्वा रोज तांब्या घेऊन अंगणभर जागा शोधत फिरायच्या.

"अव्वा," मी अगदी सहज बोलल्यासारखं बोलले, "त्या झाकणाखाली बघा, कशी निवांत जागा आहे. वर झाकण, आजूबाजूला विटा. कुणाचा पाय लागत नाही. मध्ये पाइप आहे, त्याच्या कडेनं पाणी सरळ धरणीमायच्या पोटात."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "जागा चांगली हाय."

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सत्तरी उलटलेल्या सासूला विज्ञानानं जिंकलं होतं. एक तांब्या म्हणजे बादली नव्हे, पण सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या नागुबाई आल्या. त्यांची तुळस वाळली होती, देवाचं पाणी टाकायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कमलम्मा सुनेला घेऊन आल्या. ज्या कमलम्मांनी मागच्या आठवड्यात पाहुण्याला अर्धाच कप चहा दिला होता, त्या काठोकाठ तांब्या घेऊन आल्या. आठवडाभरात गल्लीतल्या बावीस घरांचं पूजेचं पाणी माझ्या खड्ड्यात यायला लागलं. कुणी आणलं की मी झाकण सरकवायची, गंभीर चेहरा करायची आणि मनात ओहमचा नियम म्हणायची. मीठ मी दुपारी गुपचूप टाकत होते.

नवव्या दिवशी दिवा हिरवा झाला. मी डब्यासमोर हात जोडले, आणि ते नेमके नागुबाईंनी बघितले.

इथून मात्र प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलं. झाकणावर हळदकुंकू आलं. मग फुलं आली. मग विटांना कुणीतरी चुना फासला. "पूजेचं पाणी जाऊन राहिलंय, तिथं चप्पल घालून फिरतीस?" असं कमलम्मांनी मला टोकलं. आता आली का पंचाईत? प्लग लावताना पायात रबरी चप्पल आणि हात कोरडे, हे मी पोरांना फळ्यावर लिहून देते. आणि माझ्याच अंगणात डझनभर बायका ओल्या पायांनी चार्जरच्या डब्याला वळसा घालून जात होत्या. मी पहाटे मेन बंद करायची आणि बायका गेल्यावर जमीन वाळली की चालू करायची. शाळेत डुलक्या यायला लागल्या. एकदा वर्गात मी पाण्याचं रेणुसूत्र लिहिता लिहिता "एक तांब्या" असं लिहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गल्लीतून एक बाई आली. तुळजाबाई नाव. आमच्या कुणाच्या ओळखीची नाही. तिनं खड्ड्यात तांब्या रिता केला, झाकणाजवळ नारळ फोडला, कपाळ टेकवलं आणि उठून मला विचारलं, "बाई, हितं बोललेला नवस किती दिवसांत पावतो? माझ्या नवऱ्याचा गुडघा लई धरलाय."

अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या. ईश्वरप्पा दुकानाला निघायच्या बेतात दारात उभे होते. गप्प बसले असते तर उद्या दिवा हिरवा दिसला असता आणि गाडी माझी राहिली असती. एकच दिवस काढायचा होता. पण ती बाई माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मला राहवेना.

"सगळ्या ऐका," मी म्हणाले. "हे देवाचं ठिकाण नाही. हे अर्थिंग आहे. माझ्या स्कूटरच्या चार्जरचं. खाली एक पाइप आहे आणि कोळसा आहे आणि आपल्या दुकानातलं चार किलो मीठ आहे. ओल नव्हती म्हणून दिवा लाल झाला होता. तुमचं पाणी लागलं म्हणून तो हिरवा झाला. मी अव्वांना फसवलं, तुम्हा सगळ्यांना फसवलं. गाडी जाईल म्हणून मी घाबरले होते. आता उद्यापासून कुणी पाणी आणू नका. चुकलं माझं."

नागुबाईंनी कमलम्मांकडं बघितलं. कमलम्मांनी पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं, त्या रडतायत.

त्या हसत होत्या.

"आगं सिंधू," नागुबाई म्हणाल्या, "हे आमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हणजे?"

"लातूरच्या त्या माणसाला फोन करलीस न्हवं? तू फोनवर वर्गात शिकवल्यागत बोलतीस. सिद्धराम, अर्थिंग, बादलीभर पाणी, समदं आमी सैपाक करता करता ऐकलं की."

मी अव्वांकडं वळले. त्या पायरीवर बसून शांतपणे तांब्या पुसत होत्या.

"अव्वा, तुम्हालासुद्धा माहीत होतं?"

"मी काय बहिरी हाय?" अव्वा म्हणाल्या. "तू जागा दाखवलीस तवा म्हटलं, पोरीनं डोकं चालवलंय. पूजेच्या पाण्याला जागा पायजेच होती. धरणीत जायचं ते बेलाच्या मुळातून गेलं काय आन् पाइपाच्या कडेनं गेलं काय. पण एका तांब्यानं काय व्हतंय? म्हणून मीच गेले नागूकडं."

"पण का? तुम्ही तर माझ्या डब्याची चेष्टा करता."

"चेष्टा करते, मंग काय आरती करू?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तू गाडीवर येतीस तवा साडेबाराला घरी असतीस. दोघी मिळून जेवतो. यष्टीनं येतीस तवा तीन वाजतेत. मी ताटावरच्या माशा हाकलत बसते. एकलीला घास गिळंना मला. एवढं विज्ञान शिकलीस, हे न्हाई कळलं तुला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, आणि दुसऱ्या हातानं माझ्या मांडीवरचा हळदीचा डाग झटकला.

ईश्वरप्पांनी घसा खाकरला. "मंग गुरुबसप्पाला काय सांगू?"

"सांग, गाडी मिळायची न्हाई म्हणावं," अव्वा म्हणाल्या. "गाडी आता गल्लीची हाय."

हे शेवटचं वाक्य मला नीट कळलं नाही. ते नागुबाईंनी समजावून सांगितलं. बावीस घरं फुकट पाणी देत नव्हती. सिंधू गाडीवरून नेऊन सोडील, असं अव्वांनी प्रत्येकीला कबूल केलं होतं. सोमवारी दुपारी नागुबाई, डोळ्याचा दवाखाना. मंगळवारी कमलम्मा, लेकीच्या घरी. बुधवारी कमलम्मांची सून, शिवणाचा क्लास. गुरुवारी बँकेत पेन्शन, दोघी जणी, एका वेळी एक. रविवार सकाळपासून अव्वांचा स्वतःचा, आणि कुठं जायचं ते त्या सीटवर बसल्यावर सांगणार.

तुळजाबाई इतका वेळ फोडलेला नारळ हातात धरून ऐकत होती. ती पुढं झाली.

"बाई, मंग नवस ऱ्हाऊ द्या. माझ्या मालकाला हाडाच्या डॉक्टरकडं सोडता का? माझं बी आज तांब्याभर गेलंय."

तिला शनिवार दिला.

पाडव्याला दिवा हिरवागार होता. आजही आहे. सिद्धराम पंधराचे पंचवीस दिवस करून मीटर घेऊन आला, तपासलं आणि म्हणाला, "मॅडम, लातूरपासून इथवर एवढं भारी अर्थिंग मी बघितलं न्हाई. कोण सांभाळतं?" पूर्वीची मी असते तर छाती पुढं काढून सांगितलं असतं. पण अंगणात बायका होत्या, म्हणून मी चप्पल काढली आणि झाकण सरकवून दिलं.

परवा ईश्वरप्पा माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "उद्या दुकानापर्यंत सोडशील का? ऊन लई हाय." मी म्हटलं, मला विचारून काय उपयोग, अव्वांना विचारा. अव्वांनी विचारलं, "तुझं किती पाणी गेलंय?"

आज पहाटे ते रांगेत उभे होते. नागुबाईंच्या मागं, तांब्या घेऊन.