शेपटीचा कोट

शनिवारी दुपारी टिकलीनं शेपटीच्या कोटाचा विषय तिसऱ्यांदा काढला, तेव्हा मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. मावशींचा चष्मा कपाळावर गेला की घरातली शहाणी माणसं दुसऱ्या खोलीत जात. टिकली अकरा वर्षांची होती आणि हट्टाला पेटली होती. ती तिथेच बसून राहिली.

"खरा कोट?" मावशींनी विचारलं.

"खरा कसा असेल, मावशीआजी? गेममधला. माझ्या बाहुलीला. मागे शेपटी आहे, चालताना हलते."

"थंडी वाजते का बाहुलीला?"

"नाही."

"कोट घातल्यावर जोरात पळते?"

"नाही गं, फक्त छान दिसते."

"म्हणजे जी थंडी नाही, तिच्यासाठी जो कोट नाही, तो विकत घ्यायचा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचं नेहमीचं व्याख्यान सुरू झालं.

हे व्याख्यान घरात सगळ्यांना पाठ होतं. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मधल्या सुट्टीत एका सहकारिणीच्या घरी त्यांनी पहिल्यांदा व्हिडिओ गेम पाहिला आणि पुढच्याच महिन्यात नवऱ्याला दुकानात ओढत नेऊन एक डबा घरी आणला. तेव्हापासून त्या खेळतच होत्या. बरोबरीच्या बायका विणकामाच्या सुया घेऊन बसत, तेव्हा मावशी वटवाघळं मारत बसायच्या. त्यामुळे खेळांच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मत असं, की पूर्वी खेळ पुरा मिळायचा. एकदा पैसे मोजले, डबा घरी आणला, विषय संपला. आता खेळ फुकट म्हणून घरात शिरतो आणि मग दारापासून मोरीपर्यंत प्रत्येक गोष्टीची किंमत सांगतो. टोपी वेगळी, घोडा वेगळा, घोड्याचा रंग वेगळा. "ही करमणूक नाही, ही पाकीटमारी आहे," असं म्हणून व्याख्यान संपे. खेळाच्या आत शिरल्यावर आपण आयुष्यात एक छदामही खर्च केलेला नाही, हे त्या शेवटी सांगत. कधीकधी सुरुवातीलाही सांगत.

"एवढा पुरा होता तर दाखव ना तुझा खेळ," टिकली म्हणाली.

या वाक्याची मावशी चार वर्षं वाट पाहत होत्या. तो खेळ दोघांचा होता. दोन खाणकामगार कपाळाला दिवा लावून खाणीत उतरत, एकाचा रिमोट मावशींच्या हातात, दुसऱ्याचा त्यांच्या नवऱ्याच्या. नवरा गेल्यावर तो दुसरा रिमोट त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. एकट्यानं ती खाण खेळता येत नव्हती. भाचीच्या, म्हणजे टिकलीच्या आईच्या, घरी राहायला आल्यापासून त्यांना वाटे, ही पोर कधीतरी शेजारी बसेल. पण पोर कानात इअरफोनची बोंडं घालून तिच्या बाहुलीबरोबर असायची.

"दाखवते," मावशी म्हणाल्या. "पैज लाव. माझ्या खेळात विकत घ्यायला काहीही, अगदी काहीही निघालं, तर तो कोट मी विकत घेईन. नाही निघालं, तर रोज संध्याकाळी अर्धा तास दुसरा रिमोट तू धरायचास."

"रोज?"

"रोज. परीक्षेतसुद्धा."

"डन," टिकली म्हणाली.

डबा कपाटाच्या तळाशी होता. पिवळट पडलेला, पण अंगावर ओरखडा नाही. मावशींनी तो अशा हलक्या हातानं बाहेर काढला की टिकलीनंही आवाज खाली आणला. मग त्या डब्याच्या मागून निघालेल्या तीन रंगीत पिना घेऊन टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या टीव्हीला त्या पिनांसाठी भोकंच नाहीत.

"भोकं बंद झाली आता," टिकली म्हणाली.

"भोकं बंद होत नसतात. कोणीतरी ती करायची बंद करतं," मावशी म्हणाल्या, आणि दोघी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

दुरुस्तीवाला पाण्याच्या मोटारीपासून कानातल्या यंत्रापर्यंत काहीही उघडून ठेवत असे. त्यानं पिना पाहिल्या, एकदम हळवा झाला आणि म्हणाला, "काकू, काय दिवस होते हो ते!" मग त्यानं एक छोटी काळी डबी काढली. "कन्व्हर्टर. हा लावा, काम झालं."

घरी येऊन लावला. काम झालं नाही. कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागत होती. पुन्हा दुकान.

"त्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, काकू."

"मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

अ‍ॅडॅप्टर घेतला. टीव्हीपर्यंत पोचणारी वायर निराळी होती, तीही घेतली. परत येताना टिकलीनं वायरीची पिशवी हातात तोलून पाहिली. मग हळूच म्हणाली, "मावशीआजी, हे पण टोपी वेगळी, घोडा वेगळा असंच झालं ना?"

"हे वेगळं. ही वस्तू आहे. हातात येते."

"हातात घेऊन काय करणारेस पण तिचं?"

मावशींनी भराभर चालायला सुरुवात केली.

टीव्ही भिंतीला टांगलेला होता आणि जोडायची जागा नेमकी त्याच्या पाठीमागे. मावशींनी एका हातानं टीव्ही थोडा पुढे ओढून दुसरा हात आत घातला. हात गेला. बाहेर येईना. टिकलीनं खोबरेल तेल आणलं, ते ओतताना थोडं टीव्हीच्या पडद्यावर ओघळलं, ते पुसायला तिनं घेतलेला रुमाल निघाला आईच्या ऑफिसच्या चष्म्याचा. अखेर हात सुटला, वायरही लागली. आता फक्त खेळाच्या डब्याला वीज द्यायची होती, आणि त्याचा मूळ अ‍ॅडॅप्टर कुठेच सापडत नव्हता.

इथे मावशींचं अर्धं आयुष्य आडवं आलं. एक्स्चेंजमध्ये त्यांच्यासमोरच्या फळीवर शेकडो भोकं असत, आणि हातातली दोरी त्यांतल्या कुठल्याही भोकात बसे. बसली की जोडणी झाली, समोरून "हॅलो" ऐकू आलंच. जे बसतं ते चालतं, ही त्यांची अनुभवाची शिकवण होती. त्यामुळे प्रिंटरचा अ‍ॅडॅप्टर डब्यामागच्या भोकात टचकन बसला, तेव्हा त्यांना अजिबात शंका आली नाही.

"बघ, कसा बसला! याला म्हणतात हात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

ठप्प आवाज झाला. जळक्या रबराचा वास आला. पंखा, फ्रिज, दिवे, सगळं घर एका दमात गप्प झालं. शेजारच्या खोलीत भाची ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होती, ती मध्येच थांबली. मग दार उघडलं.

"मावशी."

"फ्यूज गेला असेल गं, जुनं घर आहे."

"घर सहा वर्षांचं आहे! मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं, नव्या कामाची जबाबदारी कोण घेतंय, आणि त्याच क्षणी मी पडद्यावरून गायब! सगळ्यांना वाटलं, मी पळाले."

"मग सुटलीस की."

"सुटले कसली! मी नाही म्हणायला तिथे नव्हते, म्हणून मलाच दिली. आणि माझ्या चष्म्याच्या रुमालाला तेलाचा वास का येतोय?"

टिकली आणि मावशी दोघी एकाच वेळी डब्याकडे बघू लागल्या. भाचीनं सुस्कारा सोडला. मावशींनी तिला तिच्या लहानपणी याच डब्यासमोर बसवून गृहपाठ बुडवायला शिकवलं होतं, त्यामुळे तिला फार काही बोलताही येत नव्हतं.

रविवारी सकाळी दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला. आत फक्त एक छोटा भाग जळला होता. "प्रिंटरवाला लावलात? धाडस आहे तुमचं," तो आदरानं म्हणाला. त्यानं तो भाग बदलला, योग्य अ‍ॅडॅप्टर दिला, तोही वेगळा. यावेळी मावशींनी टिकलीच्या चेहऱ्याकडे बघायचंच टाळलं.

घरी येऊन मावशींनी खेळाची कॅसेट हातात घेतली, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारली, कितीतरी वर्षांची धूळ स्वतःच्याच डोळ्यांत उडवून घेतली, आणि डोळे चोळतच कॅसेट बसवली. पडदा काळा राहिला. मग निळा झाला. मग ती जुनी टिंगटिंगटिंग धून वाजली आणि दोन ठिपक्याएवढे खाणकामगार कपाळावरचे दिवे लावून उभे राहिले.

मावशींनी फडकं उलगडून दुसरा रिमोट टिकलीच्या हातात दिला. सतरंजीवर दोघी मांडी घालून बसल्या.

"मावशीआजी, यांना तोंडं का नाहीत?"

"आपण लावायची. मनातल्या मनात."

"अय्या, हे भारी आहे," टिकली म्हणाली, आणि मावशींना वाटलं, वायरी, अ‍ॅडॅप्टर, तेल, फ्यूज, सगळं वसूल झालं.

पहिला मजला मावशींनी दाखवत दाखवत पार केला. दुसऱ्या मजल्यावर टिकली शिकली. तिसऱ्यावर हलता पूल लागला आणि मावशी सावध झाल्या. "इथे जपून हं. तुझे आजोबा इथेच पडायचे, दर वेळी. हा पूल ओलांडून पुढे आम्ही कधी गेलोच नाही. पण पुढे अफाट आहे! पाताळापर्यंत खाण आहे. कॅसेटच्या खोक्यावर चित्र होतं."

"म्हणजे तू पुढचं बघितलंच नाहीयेस?"

"चित्र बघितलंय म्हटलं ना."

टिकलीनं दोन बोटांत पूल ओलांडला. मावशींच्या खाणकामगाराला पाठीवर घेऊन ओलांडला. असं पाठीवर घेता येतं, हे मावशींना तोवर ठाऊकच नव्हतं. पलीकडे एक मोठा दरवाजा होता. इतकी वर्षं ज्याच्या अलीकडे त्या थांबल्या, तो दरवाजा. दरवाजा करकरत उघडला, सगळा पडदा सोनेरी झाला, आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. टिकली मोठ्यानं वाचू लागली.

"अभिनंदन, शूर खाणकामगारांनो! पुढचे नऊ मजले भाग दोनमध्ये. किंमत अगदी माफक. आपल्या दुकानदाराकडे आजच चौकशी करा!"

धून पुन्हा वाजली.

"तीन मजले," मावशी अखेर म्हणाल्या. "बारापैकी तीन."

"मावशीआजी, तू रडतेस?"

"धूळ आहे ती." आयुष्यभर ज्या पुऱ्या खेळाचे गोडवे गात त्यांनी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत लोकांना पिडलं, तो खेळ चारपैकी एक हिस्सा निघाला होता. फसवणूक त्या काळीही झालीच होती. फक्त तिच्यापर्यंत पोचण्याइतकं बरं त्यांना खेळता येत नव्हतं.

मग त्या उठल्या आणि पर्स घेऊन आल्या. "शब्द म्हणजे शब्द. काढ तो कोट."

टिकलीनं फोन उघडला. कोट हिऱ्यांना मिळत होता, एकशे वीस हिऱ्यांना. हिरे मात्र शंभराच्या पुडीत येत.

"म्हणजे दोन पुड्या," मावशी म्हणाल्या, आणि चष्मा कपाळाकडे निघाला. तो त्यांनी मोठ्या निग्रहानं नाकावर थोपवला. "घे दोन."

"आणि ऐंशी हिरे उरणार, त्यात काहीच येत नाही. मुद्दाम केलंय त्यांनी." टिकलीनं फोन पालथा ठेवला. "नकोच मला."

"नको काय? पैज हरलेय मी!"

"तूच म्हणतेस ना, पाकीटमारी आहे. आहेच. त्या खाणवाल्यांनी पण तेच केलं. नाही घेणार मी."

"अगं, कोट चांगला आहे गं. शेपटी बघ किती झुपकेदार."

"थंडी वाजते का बाहुलीला?"

"सगळं काय थंडीसाठीच घ्यायचं असतं? हौस नावाची काही गोष्ट असते!"

दारात भाची उभी होती. तिनं पुढे येऊन मावशींच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"आई, ही मला बळंच कोट घ्यायला लावतेय," टिकलीनं तक्रार केली.

बराच वेळ वाद चालला. मावशी शब्द मागे घेईनात, टिकली कोट घेईना. शेवटी टिकलीनंच तोड काढली. "पैज कोट घ्यायची होती. कुणाच्या अंगावर, ते कुठे ठरलं होतं?"

तिनं मावशींच्या फोनवर त्यांच्या नावानं एक फुकट खातं उघडलं. मावशींची बाहुली पांढऱ्या बनियनमध्ये, अनवाणी, एका गजबजलेल्या चौकात येऊन उभी राहिली. मावशींनी डोळे मिटून पैसे भरले. डोळे उघडले, तेव्हा बाहुलीच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा तांबूस कोट होता, आणि मागे शेपटी.

"चालव की," टिकली म्हणाली. ती आता आपला फोन घेऊन मावशींना खेटून बसली होती, आणि तिची साधी बाहुली मावशींच्या बाहुलीशेजारी येऊन थांबली होती. कानातली बोंडं तिनं काढून ठेवली होती.

मावशींनी बाहुली चालवली. शेपटी हलली. त्यांनी ती वळवून परत चालवली, मग आणखी एकदा, आता जरा कडेनं.

"मावशीआजी, आपल्याला शर्यतीला जायचंय."

"थांब गं, एक मिनिट."

तेवढ्यात चौकातली एक अनोळखी बाहुली धावत आली आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली: "काय सुंदर कोट! केवढ्याला पडला?"

टिकली डोळे विस्फारून मावशींकडे बघू लागली. आता त्या अनोळखी जिवाला अख्खं व्याख्यान ऐकावं लागणार, दारापासून मोरीपर्यंत. मावशींनी चष्मा सारखा केला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत, पुन्हा पुन्हा तपासत, त्यांनी उत्तर लिहिलं.

"सेलमध्ये मिळाला. अर्ध्या किमतीत."