दिनकरमामांचं न हालणारं टेबल

आमच्या शेजारचे दिनकरमामा कुणाच्याही घरी गेले, की आधी टेबलाला हात लावतात. दोन्ही तळवे वर टेकायचे, डोळे बारीक करायचे आणि गदागदा हलवायचं. मग निकाल : "हालतंय की ओ!" बँकेत हलवून झालंय, दवाखान्यात झालंय. एकदा हॉटेलात मिसळीचा कट समोरच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर गेला. तो भडकला, तर मामा म्हणाले, "माझ्यावर काय चिडताय? टेबल बघा की!"

पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही गडहिंग्लजला गेलो. जाणतं माणूस म्हणून मी मामांना बरोबर नेलं. पोहे आले, मुलगी येऊन बसली. तेवढ्यात मामांनी टीपॉय हलवला आणि म्हणाले, "पावणं, राग मानू नका, पण एक पाय आखूड हाय."

मुलीच्या बापाचा चेहराच उतरला.

"टीपॉयचा म्हणतोय मी!" मामा ओरडले. मुलगी तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती थांबेना. लग्न जमलं ते त्या हसण्यावरच, असं पुतण्या अजून सांगतो.

मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर दोन वर्षं नुसती लोकांची टेबलं हलवत हिंडले. यंदा दिवाळी झाली आणि त्यांनी घरामागच्या शेडमध्ये जागा करायला स्कूटर बाहेर काढली.

"मास्तर, सुतारकामाचं टेबल करतोय. हत्ती नाचला तरी हालायचं न्हाय."

वखारीतून जुन्या घराच्या तुळया आल्या. चार पाय असे जाड, की दोन हातांच्या पकडीत एक मावेना. खिळा एकही नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसेल असं कुसू, आणि मधे सरस. महिनाभर गल्ली ठोकाठोकीनं दणाणली. मग परीक्षा. टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि मला धक्के मारायला लावले. पाणी थरथरलं.

"मामा, रस्त्यावरनं ट्रक गेला असेल."

"ट्रक रोज जाणार की," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फरशी फोडून चारी पाय जमिनीत गाडले.

पाय गाडताना तर काही विचारू नका. भर गल्लीत माझ्या कमरेला टेप लावून उंची मोजली. "हालू नका मास्तर! बरोबर तेवढाच हाय." कोण तेवढाच, ते सांगितलं नाही. मग एका सकाळी बघतो, तर उजवा हात पँटच्या खिशात कोंबून मामा नुसत्या डाव्या हातानं रंधा मारतायत. रंधा तिरका जात होता, घाम निथळत होता.

"हाताला लागलं काय हो?"

"न्हाय. गोविंदाचा गेलाय."

मग त्यांनी सांगितलं. गोविंदा चंदगडचा. फौंड्रीत सत्तावीस वर्षं दोघं एकाच बाकावर समोरासमोर. वर्षापूर्वी गोविंदाला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. मामा भेटायला गेलते, तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. "माझं काम संपलं," एवढंच बोलला.

"फळी धरायला त्याला दुसरा हात न्हाय," मामा म्हणाले. "मग टेबलानंच धरायला पाहिजे की."

पुढच्या रविवारी मामा त्याला एसटीनं घेऊन आले. माझ्याच उंचीचा, वाळलेला माणूस. तो शेडच्या दारातच थांबला. "दिनू, कशाला आणलंस मला?"

मामांनी टेबलाच्या कडेला बसवलेल्या शिकंज्यात फळी आवळली, रंधा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि बाजूला झाले. गोविंदानं रंधा उचलला. एकदा घसरला. दुसऱ्यांदा अडकला. तिसऱ्यांदा वीतभर छिलका गुंडाळत वर आला.

त्यानं रंधा टेबलावर उलटा ठेवून पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार कुणी लावली ही?"

"मी."

"लाज न्हाय वाटली? दगड आण."

"एका हातानं लावशील?"

"तू दगड धर."

मामांनी धारेचा दगड टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. गोविंदा पातं घासायला लागला. अशी चार रंध्यांची पाती घासायची होती. दगड शिकंज्यात सहज बसला असता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मामा वाकून धरून राहिले. गोविंदा त्यांना शिव्या घालत होता आणि मामा नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते.